पानिपत : पडद्यावरचें आणि गोदातीरींचें

इ. स. २०१९ च्या डिसेंबर महिन्यांत आशुतोष गोवारीकर यांचा ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट नाशिकांत लागला, तेव्हां घरांतील लहानथोर मंडळींसह आम्हीं तो पाहिला. चित्रपट पाहून घरीं पोंचण्यापूर्वींच त्यावर मत देऊन मोकळें होण्याची चाल हल्लीं पडली आहे. आम्हांस तें साधलें नाहीं, याचें कारण आमच्या नातवाचा एक प्रश्न होय. पडद्यावर भाऊसाहेब पडले, दिवे लागले, पुढच्या रांगेंतील बायका डोळे पुशीत उठल्या, आणि बाहेर पायऱ्या उतरतांना त्या आठ वर्षांच्या मुलानें विचारलें, “आजोबा, सगळेच मेले का? मग जे परत आले ते कुठें गेले?” ‘आपापल्या घरीं गेले’ एवढें सांगून आम्हीं त्यास वाटेला लावलें. परंतु तें उत्तर तोंडांतून निघतांनाच आमच्या ध्यानांत आलें कीं, त्यांतल्या कित्येकांचीं घरें आम्ही राहतों त्याच जिल्ह्यांत होतीं. पुढें लिहिलें आहे तें त्या प्रश्नाचें, उशिरां कां होईना, उत्तर आहे, आणि चित्रपटाविषयींचें आमचें मतही त्यांतच येऊन जाईल.

चित्रपट या वस्तूकडे नाशिककरानें नाक मुरडून पाहावें हें त्यास शोभणारें नाहीं. दादासाहेब फाळके १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मले. ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा झाल्यावर आपला कारखाना त्यांनीं याच गांवीं आणला, आणि १९४४ च्या फेब्रुवारींत देहही येथेंच ठेवला. मराठ्यांची लढाई पडद्यावर भव्य रीतीनें उभी करण्याचें काम पुढें कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं केलें. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून त्यांनीं काढलेला ‘सिंहगड’ हा मूकपट १९२३ चा. आपल्याकडील युद्धपटांचा घाट बहुतांशीं तेथेंच ठरून गेला, असें आम्हांस वाटतें : एक स्वामिनिष्ठ वीर, एक अवघड कडा, एक क्रूर किल्लेदार, आणि शेवटीं अश्रु व जयजयकार एकाच वेळीं. पण सिंहगडावर सिंह गेला तरी गड आला होता. पानिपतांत सिंह गेला आणि गडही गेला. म्हणून पानिपताचा चित्रपट काढण्यास छाती लागते, आणि ती गोवारीकरांनीं दाखविली, याबद्दल प्रथमच त्यांस मनापासून धन्यवाद दिले पाहिजेत. पैसे मोजून स्वतःच्या पराभवाचें दर्शन घ्यावयास लोकांना बोलाविणें हा कांहीं सोपा व्यापार नव्हे.

चित्रपटाचें दुसरें देणें म्हणजे दृष्टीचा विस्तार. उदगीरच्या लढाईपासून, म्हणजे १७६० च्या आरंभापासून, कथा सुरू होते. नितीन चंद्रकांत देसाई यांनीं उभारलेला शनिवारवाडा डोळे भरून पाहावा असा आहे. आणि इब्राहिमखान गारद्याची निष्ठा जिच्यायोगें उजळून निघेल अशी जागा त्यास मिळाली आहे. ही शेवटची गोष्ट लहान नव्हे. धर्मानें अब्दालीशीं जवळचा आणि इमानानें भाऊंशीं बांधलेला हा तोफखान्याचा सरदार शेवटपर्यंत लढला व पकडला जाऊन मारला गेला, हें आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकांतील दोन ओळींपेक्षां त्या संध्याकाळीं अधिक कळलें. कथा पार्वतीबाईंच्या तोंडून सांगविली आहे, ही कल्पनाही मुळांत चांगली. मात्र ती कल्पना अर्ध्या वाटेवर सोडून दिली आहे, आणि आमची तक्रार येथूनच सुरू होते.

पानिपतची मोहीम म्हणजे एका दिवसाची लढाई नव्हे. १४ जानेवारी १७६१, शके १६८२ पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, हा तिचा केवळ शेवट. ऑगस्टांत भाऊंनीं दिल्ली घेतली तेव्हांच पैशाची टंचाई इतकी होती कीं, दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. ते सुमारें नऊ लक्ष झाले. ऑक्टोबरांत कुंजपुरा घेतला, तेथें धान्य सांपडलें, आणि सैन्य उत्तरेकडे असतांनाच २५ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दालीनें बागपतजवळ यमुना ओलांडली. यापुढें शत्रु दिल्लीच्या वाटेवर आणि मराठे त्याच्या उत्तरेस, अशी उलटी मांडणी होऊन बसली. घरची वाट शत्रूच्या छावणींतून जात होती! नोव्हेंबरच्या आरंभापासून अडीच महिने हीं दोन्ही सैन्यें एकमेकांसमोर खंदक खणून बसलीं. भाऊंच्या छावणींत लढणाऱ्यांहून न लढणारीं माणसें अधिक : बायका, मुलें, यात्रेकरू, कारकून, बाजारबुणगे. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले. मग जनावरें मरूं लागलीं, आणि जनावरांमागून माणसें.

चित्रपटांत उपासाचा उल्लेख येतो. परंतु उल्लेख म्हणजे अनुभव नव्हे. नायकाचें चिलखत शेवटपर्यंत चकचकीत राहतें, घोडे तुकतुकीत दिसतात, आणि प्रेक्षकाला वाटतें कीं, हे लोक ताठ मानेनें मरावयास निघाले. वस्तुतः ते मरावयास निघाले नव्हते. इब्राहिमखानाच्या तोफा बाजूला घेऊन, बुणगे मध्यें घालून, गोल बांधून यमुनेकडे वाट काढावी आणि निसटावें, असा त्यांचा बेत होता. त्या सकाळीं जी माणसें खंदकाबाहेर पडलीं त्यांना जगावयाचें होतें. ही एक गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे सर्व चित्राचा रंग पालटतो.

या दिवसांतला एक प्रसंग येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. दिल्लीहून पानिपतास पैसा पोंचवावयाचा होता. तो घेऊन निघालेली स्वारांची एक तुकडी अंधारांत वाट चुकली, समोरच्या शेकोट्या आपल्याच छावणीच्या समजून मराठींत बोलत बोलत सरळ अफगाणांच्या गोटांत शिरली, आणि कापली गेली. चित्रपट काढणाऱ्याला याहून अधिक तें काय हवें? यांत ना नायक, ना भाषण. थंडी, धुकें आणि घरच्या बोलीचा आवाज, एवढेंच. एवढ्यांत सगळें पानिपत आहे.

दिल्लीच्या किल्ल्यांतून हा पैसा पाठविणारा माणूस नारो शंकर होय, आणि येथें आम्ही आमच्या नातवाच्या प्रश्नापाशीं येऊन पोंचतों. नाशिकांत असें कोण आहे कीं ज्यास हें नांव ठाऊक नाहीं? रामकुंडाजवळ गोदावरीच्या कांठीं नारो शंकराचें देऊळ १७४७ पासून उभें आहे. त्याच्या तटावर टांगलेली ती प्रचंड घंटा चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेंत, १७३९ सालीं, फिरंग्यांकडून मिळालेल्यांपैकीं होय असें परंपरा सांगते. आणि ‘नारोशंकराची घंटा’ हा शब्दप्रयोग आमच्याकडे मोठ्या आवाजाच्या माणसालाही लावतात. मालेगांवचा मोसम नदीवरचा भुईकोट किल्लाही याच राजेबहाद्दरांचा. भाऊंनीं पुढें कूच केलें तेव्हां दिल्ली त्यांनीं या नारो शंकराच्या हवालीं केली होती. पानिपतची बातमी आली, आणि त्यास दिल्ली सोडून निघावें लागलें. शत्रु दारीं येण्यापूर्वीं निघाला म्हणून त्यास भ्याड म्हणावयाचें, कीं मोडलेल्या सैन्याच्या पाठीमागें एक शहर धरून बसणें शक्य नव्हतें म्हणून शहाणा म्हणावयाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आमचें मत दुसऱ्या बाजूचें आहे.

नाशिकाहून येवल्याच्या रस्त्याला लागलें म्हणजे निफाडच्या पुढें विंचूर लागतें. येथले सरदार विठ्ठल शिवदेव यांच्यावर पानिपताचा ठपका नारो शंकराहून जास्त आहे. त्या दिवशीं सकाळीं गारद्यांच्या तोफा रोहिल्यांची फळी फोडीत असतां विंचूरकर व दमाजी गायकवाड यांच्या घोडदळानें गोलाची शिस्त सोडून पुढें उडी घेतली. त्यामुळें आपल्याच तोफांच्या तोंडाला आपलींच माणसें आलीं, रोहिल्यांच्या बंदुकांनीं त्यांना मागें रेटलें, आणि मिळत आलेला लाभ हातचा गेला. हा दोष खरा आहे. पण तो भ्याडपणाचा दोष नव्हे. पिढ्यान् पिढ्या गनिमी काव्यानें लढणाऱ्या स्वाराला ‘तोफांच्या मागें उभा राहा’ हें कोणीं शिकविलें होतें, आणि केव्हां? दुपारीं गोळी लागून विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले व गर्दींत शिरले, आणि सैन्याचा धीर सुटला. विठ्ठल शिवदेव जिवंत परतले. पुढें सहा वर्षांनीं, १७६७ सालीं, ते वारले. विंचुरास त्यांचा वाडा पाहतांना आम्हांस तीं सहा वर्षेंच आठवत होतीं. त्यांवर कोणी चित्रपट काढणार नाहीं, हें आम्ही जाणतों.

आग्रा रोडवर चांदवड आहे. तेथला रंगमहाल अहिल्याबाईंचा, म्हणजे होळकरांचा. मल्हारराव होळकर रणांतून निघून गेले, एवढेंच नव्हे तर नजीबखानाला पूर्वीं त्यांनीं वांचविलें म्हणूनच पुढें सर्व अनर्थ ओढवला, असें भाऊसाहेबांच्या बखरीपासून आजतागायत म्हटलें जातें. नजीबाच्या बाबतींत मल्हाररावांची चूक झाली, यांत शंका नाहीं. परंतु निघून जाण्याविषयीं? पार्वतीबाई दक्षिणेकडे आल्या त्या मल्हाररावांच्याच आश्रयानें. आणि जे पळाले, त्यांचीं नांवें तरी पाहा. अठरा वर्षांचे नाना फडणीस आईला हरवून, अंगावरच्या वस्त्रानिशीं पायीं वाट काढीत निघाले. हें त्यांनीं स्वतःच मागाहून लिहून ठेविलें आहे, आणि त्यांत स्वतःची भीती लपविलेली नाहीं. महादजी शिंदे पायाला कायमची जखम घेऊन निसटले. राणेखान नांवाच्या एका भिस्त्यानें त्यांस आपल्या बैलावर घालून आणलें असें सांगतात, आणि पुढें हा राणेखान त्यांचा मोठा सरदार व मानलेला भाऊ झाला हें तर प्रसिद्धच आहे. दहा वर्षांनीं, १७७१ सालीं, महादजींनीं पुन्हां दिल्ली घेतली. पानिपतानंतरचीं तीस वर्षें मराठ्यांचें राज्य ज्यांनीं सांभाळलें, त्यांत असे पळून आलेले लोक पहिल्या मानाचे होते. रणांत पडलेल्यांची पूजा आम्हीही करतों. पण परत येणारा प्रत्येक जण अर्धा दोषी, अशी जी एक समजूत आमच्या मनांत घर करून बसली आहे, तिला असले चित्रपट नकळत खतपाणी घालतात.

वाटेंतल्या आश्रयाचीही गोष्ट हीच. हा चित्रपट लागतांच राजस्थानांत निषेध झाला. भरतपूरच्या राजा सूरजमलानें मदतीच्या मोबदल्यांत आग्र्याचा किल्ला मागितला असें जें दाखविलें होतें, त्यावर तेथील लोक संतापले, व निर्मात्यांनीं कांहीं भाग कापून टाकला. तो सौदा कितपत झाला याचा वाद पंडितांनीं करावा. सूरजमलाचें नांव महाराष्ट्रानें काढावयाचें तें युद्धापूर्वींच्या आठवड्यांसाठीं नव्हे, युद्धानंतरच्या आठवड्यांसाठीं. उघडेनागडे, उपाशी, जखमी असे हजारों लोक त्याच्या मुलुखांत शिरले. त्यानें त्यांस अन्न दिलें, वस्त्र दिलें, औषधपाणी केलें व पुढें पोंचतें केलें. बाजीराव-मस्तानीचे पुत्र समशेरबहाद्दर तेथेंच जखमांनीं वारले. उत्तरेंतल्या एका राजानें आपल्या माणसांना थंडींत कांबळें पांघरविलें, हें दृश्य आमच्या मुलांना कोणी दाखवील काय?

परदेशांत या बाजूनें पाहिलेले युद्धपट निघाले आहेत. पहिल्या महायुद्धावरचा ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हा १९३० सालचा चित्रपट आम्हीं फार वर्षांपूर्वीं पाहिला. त्यांतल्या खंदकांपेक्षां आमच्या लक्षांत राहिला आहे तो रजेवर घरीं आलेला तरुण शिपाई. त्याचे मास्तर अजूनही वर्गांत युद्धाचे गोडवे गात असतात, आणि त्याला त्यांच्याशीं काय बोलावें हें कळत नाहीं. आमच्याकडे असा प्रसंग रंगविण्याजोगी सामग्री नाहीं असें कोण म्हणेल? पार्वतीबाईंचेंच पाहा. पतीचा देह ओळखला गेला यावर त्यांनीं विश्वास ठेविला नाहीं. त्या पुढें कित्येक वर्षें सौभाग्यवतीच्या वेषांत राहिल्या. त्या अनिश्चिततेच्या जोरावर एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागें फौज जमली, किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि १७७६ सालीं पुण्यांत त्याचा निकाल लावावा लागला. मेलेला नायक पंधरा वर्षांनींही राज्याला झोंप येऊं देत नाहीं, ही हकीकत कोणत्याही रणकंदनापेक्षां कमी आहे काय? कथा सांगावयास पार्वतीबाईंना बसविलें, आणि त्यांची स्वतःची कथा सुरू होते तेथेंच त्यांना उठविलें!

आणि मग गोपिकाबाई. चित्रपटांत ही भूमिका पद्मिनी कोल्हापुरे यांनीं केली आहे, आणि चांगली केली आहे. पण लेखकानें त्यांच्या पदरीं टाकला आहे तो मत्सर. दिराचा वाढता मान खुपणारी वहिनी, यापलीकडे ती बाई जात नाहीं. गोपिकाबाई मानी होत्या, हेकट होत्या, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांचें आयुष्य पानिपताबरोबर संपलें नाहीं. तें त्यानंतर सत्तावीस वर्षें चाललें, आणि त्यांतला मोठा भाग आमच्या नाशिकाजवळ गेला.

जानेवारींत अठरा वर्षांचा थोरला मुलगा गेला. सांकेतिक भाषेंत मोत्यें, मोहरा आणि रुपये यांच्या नांवानें माणसांचा हिशोब देणारें सावकारी पत्र भेलशाजवळ नानासाहेबांच्या हातीं पडलें, आणि त्याच जूनमध्यें पर्वतीवर नानासाहेबही गेले. दुसरा मुलगा माधवराव गादीवर बसला. कारभारांत हात घालण्यावरून मायलेकांचें बिनसलें, आणि आई गोदावरीच्या कांठीं गंगापुरास येऊन राहिली. १७७२ च्या नोव्हेंबरांत माधवराव थेऊरास क्षयानें वारला. पुढच्याच वर्षीं, ३० ऑगस्टला, धाकटा नारायणराव शनिवारवाड्यांत मारला गेला. त्या खुनाचा दोष रामशास्त्र्यांनीं ज्याच्या माथीं ठेविला, त्या रघुनाथरावाचें आनंदवल्ली हें ठिकाण गंगापुराहून नाशिकास येणाऱ्या वाटेवरच आहे. अटकेपर्यंत गेलेल्या आणि कर्ज घेऊन परतलेल्या दिराचें तें घर, आणि जवळच त्याच नदीवर मुलगे गमावलेल्या भावजयीचें. नदीनें हें कसें सोसलें असेल, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

गोपिकाबाई मात्र सोसत राहिल्या. नारायणरावाचा मरणोत्तर जन्मलेला मुलगा सवाई माधवराव मोठा होऊं लागला तेव्हां त्याची दिनचर्या कशी असावी, वागावें कसें, यासंबंधीं या आजीनें त्यास उपदेशाचें एक सविस्तर पत्र लिहिलें. तें इतिहासांत प्रसिद्ध आहे. तीन कर्ते मुलगे ज्या राज्यानें घेतले, त्याच राज्याच्या गादीवर बसलेल्या नातवास सकाळीं केव्हां उठावें हें सांगणारी ही बाई! १७८८ मध्यें त्या नाशिकासच वारल्या. त्यांच्या या सत्तावीस वर्षांपुढें चित्रपटांतल्या त्या मत्सराचें काय घेऊन बसावें? ‘विश्वास तर पानिपतांत गेला’ ही कोटी आम्हीं मराठी लोकांनीं इतक्या वेळां हंसत वापरली आहे कीं, त्या विश्वासाची आई गोदेच्या कांठीं राहत होती हें आम्ही विसरूनच गेलों.

गंगापुरास लोक आतां जातात ते धरण पाहावयास. मध्यंतरीं साथीचीं दोन वर्षें गेलीं, आणि मगच आम्हांस हा सगळा मुलूख नातवाबरोबर हिंडतां आला : विंचूर, चांदवड, मालेगांव, आणि सर्वांच्या शेवटीं, घराच्या सर्वांत जवळ म्हणून राहिलेलें, नारो शंकराचें देऊळ. तोंवर तो अकरा वर्षांचा झाला होता आणि त्याला आपला जुना प्रश्न फारसा आठवत नव्हता. आम्हींच त्यास आठवण करून दिली. श्रावणाचे दिवस होते, नदीला पाणी चढलें होतें. तो घंटेकडे मान वर करून बराच वेळ पाहत राहिला, आणि ही येथें कोठून आली म्हणून विचारता झाला. वसईच्या लढाईंतून आणली असें म्हणतात, असें आम्हीं सांगितलें.

“म्हणजे हीसुद्धां परत आलेल्यांतलीच,” तो म्हणाला.

वसई आपण जिंकली होती, हें त्याला सांगावयाचें आम्हीं मनांत आणलें. पण तेवढ्यांत पावसाची सर आली, आणि आम्ही दोघे देवळाच्या ओवरींत शिरलों.